कच्चं मडकं

बंगळूरहून कोलारकडे निघालं की होसकोटे लागतं. सतराव्या शतकात हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत होता, त्यामुळे मराठी इथे काही नवखी नाही. कर्नाटकातला नामदेव शिंपी समाज तर संत नामदेवांचंच नाव लावतो. आज त्यांचीच गोष्ट.

संतमेळ्यात मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना विचारलं, यातली भाजलेली मडकी कोणती आणि कच्ची कोणती? गोरोबा तेरचे कुंभार. मडकी घडवायची थापटी घेऊन ते एकेका संताच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले, आणि निकाल लागला: हे मडकं कच्चं!

नामदेव तडक विठ्ठलाकडे गाऱ्हाणं घेऊन गेले. देव आपली बाजू घेईल, ही आशा. देवानेही तेच सांगितलं: मडकं कच्चंच आहे; गुरू कर, विसोबा खेचरांकडे जा. मला या कथेत चमत्कारापेक्षा हाच भाग मोठा वाटतो. ज्याच्याशी देव बोलतो, त्याने माणसाकडे शिकायला जायचं! तरी नामदेव औंढा नागनाथला गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. पाय काढा म्हटल्यावर ते म्हणाले, देव नसेल तिथे नेऊन ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंड!

ही झाली परंपरेतली कथा. पुढचं लेखी आहे. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. पंजाबात घुमानला त्यांचं स्थान आहे. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं.