सुट्टीतली बुडी आणि तिची आखणी



व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा ‘सुट्टी’ हा विषय आमच्याकडे सोपविला, तेव्हा आम्ही पगारी रजेच्या कायद्यावर बोलू अशीच त्यांची अपेक्षा असावी. ज्याचा जन्म कामगारांच्या चळवळीत गेला, त्याच्याकडून दुसरे काय ऐकावयाचे? पण आज आम्ही बोलणार आहोत ते एका निराळ्याच सुट्टीविषयी. थंडीच्या दिवसांत एखाद्या उष्ण प्रदेशातील बेटावर जावे, पाठीला हवेची टाकी बांधावी, आणि बोटीची वाट न पाहता किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरून बुडी मारावी, अशी ही सुट्टी. आपणांपैकी काहीजण हसले. हसावयास हरकत नाही. पण याच गावची मुले आज रॉटरडॅमला आणि ह्यूस्टनला नोकऱ्या करतात, आणि नाताळची रजा मिळाली की अशाच बेटांची तिकिटे काढतात. त्यांचे आईबाप या सभागृहात बसले आहेत.

आम्हाला या विषयाचा नाद लागला तो गोदीमुळे. जहाजाच्या तळाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले खरवडणारे पाणबुडे आमच्या संघटनेत होते. त्यांच्या तासांचा आणि मजुरीचा तंटा चालविताना साहेब लोक ‘तक्ता’, ‘तक्ता’ म्हणत. हा तक्ता म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी आम्ही वाचनालयात बसलो. शाळा आमची सातवीपर्यंतच झालेली. जे हाती लागले ते एखाद्या कादंबरीहून कमी नव्हते.

गोष्ट अशी आहे. नदीच्या पात्रात पुलाचा खांब उभारावयाचा, तर तळ उघडी असलेली एक प्रचंड पेटी पाण्यात बसवीत आणि पाणी आत येऊ नये म्हणून तीत दाबाची हवा भरीत. या पेटीला केसन म्हणतात. मजूर आत उतरून चिखल उपसत. पाळी संपली की वर येत, आणि वर आल्यावर त्यांचे सांधे धरीत, कमरेत वाकडे होत, काहींचे पाय कायमचे लुळे पडत. सेंट लुईस येथे मिसिसिपी नदीवरील पुलाच्या कामात १८७० साली डझनभर तरी मजूर यात दगावले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावर १८७२ मध्ये खुद्द मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग अंथरुणाला खिळला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात केसनमधल्या मजुरांनी संप केला. मागणी होती चार तासांच्या दिवसाला तीन डॉलरची. आधी तास घटवा आणि मग दाम वाढवा, हे त्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या माणसांना विज्ञानाच्या आधी कळले होते.

विज्ञान मागाहून आले. फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ साली दाखवून दिले की हा सारा नत्रवायूचा खेळ आहे. पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की एका वातावरणाइतका दाब वाढतो. वीस मीटरवर दाब किनाऱ्याच्या तिप्पट. त्या दाबाने श्वासातला नत्रवायू रक्तात आणि चरबीत मुरतो. माणूस सावकाश वर आला तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो; घाईने आला तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढावे तसे अंगातच बुडबुडे उठतात. पुढे जॉन स्कॉट हॉल्डेन व त्यांचे सहकारी बॉयकॉट आणि डॅमंट यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये तक्ते प्रसिद्ध केले. किती खोल गेले, किती वेळ राहिले, तर कोठे किती थांबत वर यावे, याचा तो हिशेब. आज सहलीला गेलेल्या माणसाच्या मनगटावर जे घड्याळवजा यंत्र असते ते त्याच हिशेबाचा वंशज आहे. ते ‘थांब’ म्हणते तेव्हा सेंट लुईसचा मजूर बोलत असतो, एवढे आमच्या तरुण मित्रांनी ध्यानात ठेवावे.

आता बेटाकडे वळू. उदाहरणासाठी आम्ही बोनेर घेतो. व्हेनेझुएलाच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर हे बेट आहे. २०१० च्या ऑक्टोबरपासून ते नेदरलंड्सचा एक खास नगरविभाग आहे. सभोवारचा समुद्र साठ मीटर खोलीपर्यंत १९७९ पासून संरक्षित आहे. किनाऱ्यावरून बुडी मारणाऱ्यांची ही पंढरीच म्हणा ना! रस्त्याच्या कडेला पिवळे रंगविलेले दगड ठेवलेले असतात, त्यांवर ठिकाणाचे नाव लिहिलेले. गाडी थांबवावी, साज चढवावा आणि पाण्यात शिरावे. प्रवाळाचा उतार किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर सुरू होतो.

हे तेथेच का जमते? वाऱ्यामुळे. व्यापारी वारे वर्षातला बहुतेक काळ पूर्वेकडून वाहतात. म्हणून बेटाचा पूर्व किनारा खवळलेला आणि पश्चिम किनारा आडोशाला, शांत. आपल्या मालवणला याच्या उलट आहे. तेथे किनारा पश्चिमेला आणि पावसाळ्यातील वाराही तिकडूनच; म्हणून त्या महिन्यांत बुड्या बंद. पण वाऱ्यावर आंधळा विश्वास टाकू नये. १९९९ च्या नोव्हेंबरात लेनी नावाचे चक्रीवादळ नेहमीच्या रिवाजाविरुद्ध पश्चिमेकडून पूर्वेकडे गेले, आणि त्याच्या लाटांनी नेमका हा शांत किनारा झोडपून उथळ पाण्यातील प्रवाळ मोडले. हिवाळ्यातही कधी उत्तरेकडून लांबून आलेल्या लाटा वायव्येच्या टोकाला लागतात, कधी वारा पडतो किंवा उलटतो. यासाठी रोज सकाळी पाण्याकडे दहा मिनिटे नुसते पाहत उभे राहावे. लाटा कोठे फुटतात, दोन मोठ्या लाटांमध्ये उसंत किती, आणि मुख्य म्हणजे बाहेर कोठून यावयाचे हे ठरल्याशिवाय पाय ओले करू नयेत. आत जाणे सोपे असते. थकून, ओल्या साजाचे ओझे घेऊन, मोडक्या प्रवाळांच्या धारदार खडकावर चढणे अवघड. जाड तळव्याचे बूट म्हणूनच लागतात. हातमोज्यांना मात्र तेथे बंदी आहे, कारण मोजे घातले की माणूस प्रवाळाला धरू लागतो.

आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा नेदरलंड्समध्ये आहे. डिसेंबरात या बेटावर जाण्यासाठी त्याने आठ दिवसांचे वेळापत्रक आखले आणि वडिलांनी ते काळजीने आमच्याकडे आणले. रोज चार बुड्या, मधे गाडीतच जेवण, आणि शेवटच्या दिवशी सकाळी दोन बुड्या मारून संध्याकाळचे विमान. आम्ही म्हटले, “दादा, असे वेळापत्रक एखाद्या मालकाने फलकावर लावले असते तर आम्ही फाटकावर सभा घेतली असती!” नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० साली रविवारची सुट्टी मिळविली. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली. आणि ती रजा हातात पडताच माणूस स्वतःच आपला मुकादम होतो आणि भोंगा न वाजविता ओव्हरटाइम करून घेतो. पैसे भरले आहेत ना, मग वसूल झालेच पाहिजेत!

बोटीवर निदान एक नाखवा असतो, हजेरी घेणारा कोणी असतो. कोण वर आले नाही हे त्याला कळते. किनाऱ्यावरच्या बुडीत कोणी नाही. ही तिची मौज आहे आणि हाच तिचा धोका. म्हणून जे काम बोटीवर दुसरा करतो ते कागदावर आपण करावे. कोणते ठिकाण, किती वाजता आत, किती वाजता बाहेर, हे राहत्या जागी लिहून ठेवावे. हवेचा हिशेब तिघांत वाटावा: एक हिस्सा जाण्याला, एक परतण्याला, एक अडचणीला. वीस मीटरवर टाकी किनाऱ्याच्या मानाने एकतृतीयांश वेळच पुरते, हे विसरू नये. प्रवाह असेल तर आधी त्याच्या विरुद्ध पोहावे, म्हणजे थकल्यावर तोच घरी आणतो. वर येताना श्वास कधी कोंडू नये. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे. हे सारे शिकलेल्या माणसासाठी. न शिकलेल्याने टाकीला हातच लावू नये.

दिवसाला दोन बुड्या, फार तर तीन. सर्वांत खोल ती पहिली. डिसेंबरात तेथे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा तिसरीसाठी दुपारी चारपर्यंत पाण्यात शिरलेले बरे. पहिल्या दिवशी तशीही घाई करता येत नाही: संरक्षित क्षेत्राचे शुल्क भरून नियम ऐकावे लागतात आणि एक ओळखीची बुडी घ्यावी लागते. उत्तरेकडे ‘एक हजार पायऱ्या’ नावाचे ठिकाण आहे. पायऱ्या मोजल्या तर शंभरसुद्धा नाहीत. टाकी पाठीवर घेऊन वर चढणाऱ्याने ते नाव ठेवले असावे, आणि त्याने आकडा मुळीच फुगविलेला नाही असे आमच्या गोदीतले हमाल शपथेवर सांगतील. त्याच्या पुढे किनाऱ्याचा रस्ता एकेरी आहे. ठिकाण चुकले तर रिंकोन गावावरून वळसा, आणि मग उशीर, आणि उशिरातून घाई. गाडीत मौल्यवान काही ठेवू नये हेही सांगून टाकतो.

आता विमानाचे. विमानात दाब कमी होतो, आणि अंगात उरलेला नत्रवायू तेथे पुन्हा बुडबुडे धरू शकतो. अनेक दिवस, अनेक बुड्या झाल्या असतील तर शेवटची बुडी आणि उड्डाण यांत किमान अठरा तास जावेत असा तज्ज्ञांचा दंडक आहे. आम्ही तर पूर्ण दिवस धरतो. विमान संध्याकाळी सहाचे, तर आदल्या दिवशी दुपारनंतर पाणी बंद. वर आल्यावर सांधा दुखला, मुंग्या आल्या, भलताच थकवा वाटला, तर ‘पोहून अंग दुखत असेल’ म्हणून लपवू नये. आमचे पाणबुडे रोजगार बुडेल म्हणून दुखणे लपवीत. सहलीला गेलेल्याला तीही सबब नाही. अशा वेळी शुद्ध प्राणवायू आणि दाबाची खोली हाच उपाय. क्रालेंडाइक या मुख्य गावी तशी खोली आहे. ती त्या आठवड्यात चालू आहे की नाही हे पोहोचताच विचारून ठेवावे, आणि विम्यात तो खर्च बसतो का हे निघण्यापूर्वीच.

तो कोरडा शेवटचा दिवस वाया जात नाही. दक्षिणेला मिठागरे आहेत, पांढऱ्या मिठाचे डोंगर लागलेले. मीठ भरण्याच्या धक्क्याखाली खांबांना प्रवाळ लगडले आहेत. जहाज लागलेले नसेल तेव्हाच तेथे बुडी मारता येते. जवळच समुद्राकडे तोंड करून १८५० च्या सुमारास बांधलेल्या दगडी झोपड्या आहेत, इतक्या बुटक्या की दारातून रांगत आत जावे लागते. मिठागरात राबणारे गुलाम त्यांत रात्री झोपत. त्यांची बायकामुले रिंकोनला. आठवड्याच्या शेवटी ते तेथवर चालत जात, सुमारे सात तास, आणि तितकेच चालत परत. १८६३ साली डच वसाहतींतील गुलामगिरी संपली. त्या झोपड्यांसमोरच आज पिवळे दगड आहेत आणि गाड्या उभ्या राहतात. आम्ही त्या मुलाला सांगितले की तेथे बुडी जरूर मार, पण एकदा साज न चढवता ये आणि त्या दारातून आत जाऊन बस.

एक शेवटची गोष्ट. २०२३ पासून त्या पाण्यात दगडी प्रवाळांचा एक रोग शिरला आहे, तो एका जागेहून दुसरीकडे पसरतो. म्हणून दोन ठिकाणांच्या मधे साज जंतुनाशकाने धुण्यास तेथील लोक सांगतात. धुण्याला आणि वाळण्याला वेळ लागतो. तोही वेळापत्रकात धरावा. तेवढ्यात जेवण होते. कोणास काही विचारावयाचे असल्यास आम्ही येथे बसलो आहोत.