वळूचा रकाना कोठे आहे?

(इंदिरानगर, नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘प्रादेशिक पशुपैदासकार संघाचे वर्षभराचे कार्य’ हा विषय अभ्यासवर्गाच्या पत्रिकेवर पाहून काहींना नवल वाटले असेल. कांद्याचा भाव, कंत्राटी कामगार, महापालिकेची घरपट्टी हे आपले नेहमीचे विषय. गाईबैलांचा विषय आपण बहुतांशी दुसऱ्यांच्या हवाली करून टाकला आहे आणि त्यांनी त्याचे काय केले, हे आपण पाहतोच आहोत. गाईच्या नावाने मोर्चे निघतात, कायदे होतात, पण गाय पाळणाऱ्या माणसाचे नाव त्यांत कोठेच येत नाही. म्हणून आज मी गाईविषयी कमी आणि तिच्या पैदासकाराविषयी अधिक बोलणार आहे.

हा पैदासकार आपल्यापासून दूर नाही. येथून मुंबईच्या रस्त्याला लागले की चाळीस किलोमीटरांच्या आत घोटी लागते. त्या भोवतालचे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा आणि डोंगरापलीकडचा अकोले हे तालुके, शिवाय गुजरातेतील डांग, हा डांगी गोवंशाचा मुलूख. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे अस्ताव्यस्त ठिपके, काळे आणि गारगोटीसारखे टणक खूर, आणि जिच्यातून तेलकट स्राव पाझरतो अशी कातडी, की आषाढातला मुसळधार पाऊसही अंगावरून निथळून जावा. भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात दिवसभर उभे राहणे हे या बैलाचे काम. चाल मंद, पण ताकद दांडगी. गाय दूध थोडेच देते. डेअरीच्या मापाने पाहिले तर ती ‘अनुत्पादक’च ठरावयाची.

हे गुण प्रयोगशाळेत घडले नाहीत. महादेव कोळी, ठाकर, कानडी आणि मराठा कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या कोणते गोऱ्हे राखायचे आणि कोणते बडवायचे याचे जे निर्णय घेतले, त्यांतून हा गोवंश उभा राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेसाठी जोशी आणि फिलिप्स यांनी १९५३ साली भारत-पाकिस्तानातील गोवंशांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात डांगीचा समावेश आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नोंदणीतही डांगी आहे. जनावराला असे दप्तर मिळाले. ज्यांनी ते घडविले त्यांच्या श्रमाला मोल मिळाले काय?

पैदासकारांचा संघ ही कल्पना मुळात श्रीमंतांची, हे प्रथमच सांगून टाकतो. १८२२ साली इंग्लंडात जॉर्ज कोट्स याने शॉर्टहॉर्न जनावरांची वंशावळीची वही छापली. ज्या जनावराचे आईबाप वहीत, त्याचा भाव वेगळा. जमीनदारांच्या हाती या वहीने मोठे शस्त्र दिले. ब्राझीलची गोष्ट तर आपल्या अधिक जवळची. आपली ओंगोल, गीर आणि कांकरेज जनावरे तेथे गेली. त्यांतील ओंगोल तेथे नेलोर या नावाने ओळखली जाते. उबेराबा गावच्या पैदासकार संघाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून त्यांच्या वंशावळी लिहून ठेवल्या आणि आज त्या देशाच्या मांसव्यापाराचा पाया नेलोर हा आहे. तेथील संघ हा बड्या मळेवाल्यांचा, हजारो एकरांच्या धन्यांचा, हे खरे. पण वहीत दोष नाही. वही कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आहे. आपल्याकडे ज्याच्या दावणीला दोन बैल आणि तीन गाई आहेत, त्याच्या हाती ती कधी आलीच नाही.

आता वर्षाकडे वळू. संघाचे वर्ष कागदावर १ एप्रिलला सुरू होते, कारण हिशेबतपासनीसाला तसे लागते. डांगी मुलखात ते मृगापासून सुरू होते. वैशाखात राब भाजून झाला की पावसापूर्वी घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी टोचून घ्यावयाच्या. पाऊस धरला की डोंगरातली वाट बंद होते आणि मग जनावर आजारी पडले तर उपचार दैवाधीन. दवाखान्यात माणूस असला आणि लस शीतपेटीत नीट राहिली, तरच हे घडते. संघाचे वर्षातले पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम हेच. यात फोटो काढण्यासारखे काही नाही, त्यामुळे अहवालात ते बहुधा एका ओळीत उरकते.

आषाढात चिखलणी. ज्याच्याकडे एकच बैल आहे तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करतो, आणि जोड लावताना उंची, चाल, स्वभाव यांचा जो विचार होतो तो ऐकण्यासारखा असतो. वळूची खरी परीक्षा येथे होते, त्याच्या लेकरांच्या पायांवर. पंधरा दिवस चिखलात राहून खूर कोणाचे सडले नाहीत, खांद्याला कोण सुजले नाही, पावसात चरायला कोण कुरकुरले नाही, हे गावात प्रत्येकाला ठाऊक असते. पण कोठेही लिहिलेले नसते. माझ्या मते डांगीविषयीचे सर्वांत मोलाचे ज्ञान हेच, आणि दर पिढीला ते थोडे थोडे विझत चालले आहे, कारण खाचरात आता लहान यंत्रे उतरली आहेत. यंत्राला मी दोष देत नाही. ज्याची कंबर चिखलात मोडते, त्याला यंत्र नको असे म्हणण्याचा अधिकार शहरात राहणाऱ्या कोणालाही नाही.

श्रावण अमावस्येला पोळा, आणि आश्विन वद्य द्वादशीला आपण जिला वसुबारस म्हणतो ती महादेव कोळ्यांची वाघबारस. गावाच्या वेशीवर वाघदेवापुढे गुराखी जमतात, वर्षभर गुरे राखल्याबद्दल त्यांचा मान होतो, सर्वांचे जेवण होते. मला हा सण फार शहाणा वाटतो. त्यात गाईइतकाच गुराखी आहे आणि ज्याच्या भीतीने गुरे राखावी लागतात तो वाघही आहे. संघाची वार्षिक सभा याच दिवशी वेशीवर भरविली तर हजेरीची चिंता उरणार नाही.

भात कापणी झाली की डिसेंबरच्या सुमारास अकोले तालुक्यात राजूरला प्रदर्शन भरते. घोटीलाही डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. राजूरच्या प्रदर्शनाचे नावच ‘डांगी व संकरित जनावरांचे प्रदर्शन’ असे आहे. ज्या संकरिताने डांगीला दावणीवरून हुसकावले, त्याच मांडवात दोघांनाही बक्षीस! असो. आदत, दुसा, चौसा, जुळलेला अशा दातांच्या क्रमाने गट पडतात. जनावरे धुऊन, तेल लावून आणलेली असतात. परीक्षक वशिंड पाहतात, खूर पाहतात, पाठीची रेषा पाहतात. फेटा, ढाल, रोख रक्कम आणि पुढाऱ्यांची भाषणे होतात. गाईचे शेण काढणारी, धार काढणारी, वासराला रात्री पाजणारी बाई या वेळी मांडवाबाहेर उभी असते, आणि ढाल घरधन्याच्या हाती जाते. बाजूच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदे चालू असतात.

मला प्रदर्शनाची थट्टा करावयाची नाही. या मेळ्यांनी डांगीचा अभिमान जिवंत ठेवला, हे मान्य करावयास हवे. परंतु पहिल्या आलेल्या वळूचे पुढे काय होते? त्याची किती वासरे झाली, कोणत्या गावात झाली, ती कशी निघाली? मालकाला अडचण आली आणि तोच वळू विकला गेला, घेणाऱ्याने त्याला खच्ची करून औताला जुंपले, तर ढाल देणाऱ्यांना ते कळण्याची काय सोय आहे? उलट बाजूही तितकीच वाईट. एकच वळू एका गावात आठ-दहा वर्षे राहिला तर तो आपल्याच मुलींना आणि नातींना लागतो, वासरे खुजी निघतात, आणि मग लोक म्हणतात की डांगीत आता पूर्वीचा दम राहिला नाही. दोन गावांनी तीन वर्षांनी वळूंची अदलाबदल केली तर यातील निम्मे दुखणे एक रुपया खर्च न होता जाईल. ज्या संघाने एवढे केले, त्याचे वर्ष सार्थकी लागले.

आता शासनाकडे पाहू. जनावरांच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला आहे. त्याने जनावराला क्रमांक मिळाला, पण रानात नैसर्गिक रेतनाने झालेल्या वासराचा बाप त्या नोंदीत सहसा येत नाही. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ पसरली, राज्यातील जनावरांचे बाजार बंद झाले, प्रदर्शने थांबली. मेलेल्या जनावरामागे दुधाळ गाईला ३० हजार, ओढकाम करणाऱ्या बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये अशी मदत ठरली. ही मदत झाली हे चांगलेच झाले. पण त्या तीन रकान्यांत पैदाशीच्या वळूचा चौथा रकाना नव्हता. जो दूध देत नाही आणि औत ओढत नाही, पण ज्याच्यावाचून पुढची पिढीच नाही, त्याची किंमत आपल्या कारभाराला कशी मोजावी हेच ठाऊक नाही.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज प्रत्येकी ५० रुपये अनुदान ठरविले. २०१९ च्या पशुगणनेत देशी गाईंची संख्या ४६ लाख १३ हजार ६३२ होती, आधीच्या गणनेपेक्षा २०.६९ टक्क्यांनी कमी, असे शासनानेच त्या वेळी सांगितले. घट खरी आहे. पण अनुदान गोशाळेला! ज्याच्या गोठ्यात गाय विते, वासरू वाढते, वंश चालतो, त्या डोंगरातल्या माणसाला या योजनेत ५० पैसेही नाहीत. गाय त्याच्या हातून सुटून संस्थेच्या दारात गेली की मगच तिच्या पोटाची सरकारला काळजी.

आणि ती सुटते का? १९७६ च्या कायद्याने राज्यात गोहत्या बंद होतीच. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले, आणि ६ मे २०१६ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने बैलांविषयीची ही बंदी कायम ठेवली. थकलेला बैल विकून आलेल्या पैशात थोडी भर घालून शेतकरी नवा गोऱ्हा घेत असे. हा त्याचा घसारा निधी होता. तो निधी कायद्याने काढून घेतला आणि म्हाताऱ्या बैलाचा चारा मात्र त्याच्याच माथी ठेवला. मग तो नर वासरू वाढवीलच कशाला? नर वाढले नाहीत तर त्यांतून वळू निवडावयाचा कोठून? खिल्लारीचे बरे आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली, मे २०२३ मध्ये कायदाही उचलून धरला, आणि शर्यतीच्या बैलाला भाव आला. डांगी हा धावणारा बैल नव्हे. त्याला तो आधार नाही.

चाऱ्याचेही तसेच. भंडारदरा, दारणा, वैतरणा, मुकणे, भावली अशी धरणे याच मुलखात झाली. १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू होऊन समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, आणि त्या बाजूच्या टेकड्यांना विश्रामगृहांची कुंपणे पडत आहेत. जंगलखात्याने गायराने गिळल्याची तक्रार जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केली होती. आज निदान एक हत्यार हाती आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. आपण घरजमिनीचे वैयक्तिक दावे पुष्कळ भरले. सामूहिक दावा भरताना चराईची वाट, पाणवठा, उन्हाळ्यातला वाडा हे नकाशावर दाखविले काय, हे ज्याने त्याने आपापल्या गावच्या फायलीत पाहावे. पैदासकारांचा संघ वनहक्क समितीपासून अलग राहिला तर तो ढालीपुरताच राहील.

येथे इंदिरानगरात गीर गाईच्या तुपाच्या बरण्या मोठ्या भावाने खपतात. आपल्याच जिल्ह्यातल्या गाईचे नाव घेणाऱ्यांना ठाऊक नाही, यात त्यांचा दोष थोडा आणि आपला अधिक. पण डांगीचे तूप महाग विकून डांगी वाचेल, या भ्रमात मी नाही. जे दूध वासराच्या तोंडचे आहे त्याचा बाजार वाढला की उपाशी राहणार ते वासरू.

तेव्हा या वर्षी करावयाचे काम लहान आहे. राजूर आणि घोटीच्या प्रदर्शनांच्या संयोजकांना भेटून वळूच्या बक्षिसाची अर्धीच रक्कम त्या दिवशी द्यावी आणि उरलेली दोन वर्षांनी, वळू खच्ची न करता राखला आणि त्याची वासरे दाखविली तर द्यावी, असे सुचवावयाचे. पशुसंवर्धन खात्याकडे भरपाईच्या तक्त्यात वळूचा रकाना मागावयाचा आणि अनुदान पैदाशीच्या गोठ्यापर्यंत न्या, असे लेखी द्यावयाचे. आणि प्रत्येक गावात एक वही. तिच्यात बिल्ल्याचा क्रमांक, वासराची आई, बाप, बापाचे गाव, जन्माचे नक्षत्र चालेल, तारीख असल्यास उत्तम, आणि एक रकाना चिखलणीत पाय कसे राहिले याचा. लिहिणारी शक्यतो घरातली बाई असावी, कारण कोणती गाय कधी आणि कोणत्या वळूला लागली हे तिला पुरुषांपेक्षा नेमके ठाऊक असते. शंभर पानी वही पुरे. आखलेले नमुने मागच्या टेबलावर ठेवले आहेत. जे घोटी-अकोल्याकडे काम करतात त्यांनी जाताना आपल्या गावांच्या संख्येइतके उचलावेत.