आंबेडकरी जलसा, सोंगाड्या आणि आपण
(हर्नडन, व्हर्जिनिया येथील वार्षिक स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपण आज ज्या गावात जमलो आहोत, त्याचे नाव एका बुडालेल्या जहाजाच्या कप्तानावरून पडले आहे. १८५७ च्या सप्टेंबरात ‘सेंट्रल अमेरिका’ हे सोन्याने लादलेले जहाज कॅरोलिनाच्या किनाऱ्यापलीकडे वादळात सापडले. कप्तान विल्यम लुईस हर्नडन यांनी स्त्रिया व मुले उतरविली आणि स्वतः जहाजासोबत गेले. स्थैर्याच्या शोधात सातासमुद्रांपार आलेल्या आम्ही नेमक्या याच गावात घरे घ्यावीत, हा विनोद आमचा नव्हे. तो इतिहासाने आयता दिला आहे.

अस्थैर्य मात्र खरे आहे. १९९० च्या कायद्याने कोणत्याही एका देशाच्या वाट्यास सुमारे सात टक्केच ग्रीनकार्डे येतात. त्यामुळे आईबाप रांगेत उभे असतानाच मुले एकवीस वर्षांची होतात आणि रांगेबाहेर पडतात. २०२५ साली सरकारी खात्यांत कपात झाली, तिचा धक्का आपल्या भागातील कंत्राटी नोकऱ्यांनाही बसला. आपल्यापैकी काही घरांत तेव्हापासून रात्रीची झोप उरलेली नाही, हे आम्ही जाणतो.

अशा वेळी आम्हांस आंबेडकरी जलशांची आठवण होते. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी तमाशाचा साचा उचलला. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, बतावणी आणि वगही तेच. पालटला तो आतला मजकूर. गणपतीच्या स्तवनाऐवजी बाबासाहेबांचे स्तवन आले, आणि सोंगाड्या नवससायास, मृतमांस, दारू व महारवतन यांवर तुटून पडला. एरवी पोटासाठी गावाला हसविणारा आपला कलावंत आता आपल्याच माणसांना, आपल्याच दुःखावर हसवू लागला. हा बदल आम्हांस फार मोठा वाटतो.

ते प्रेक्षक सुखी नव्हते. सकाळी पुन्हा तोच गाव आणि तोच पाणवठा होता. वतन सोडा म्हणणारा सोंगाड्या खरे तर त्यांच्या हातची भाकरच मागत होता. तरीही ते हसले. कारण ज्या गोष्टीवर चारचौघांत हसता येते, तिच्यापुढे उद्या मान ताठ ठेवता येते. आणि रांगेचे म्हणाल तर, बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाचे विधेयक मांडले, वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. तीस वर्षे! प्रतीक्षायादीची कला आपण अमेरिकेत येऊन शिकलेलो नाही.

दुसऱ्या प्रकारचे हसणेही आपल्या परिचयाचे आहे. मराठी मेजवान्यांत आडनावावरून उमगले नाही की मूळ गाव विचारले जाते, गावावरून उमगले नाही की आळी विचारली जाते. मग ‘कोट्या’वरचा विनोद होतो आणि आपल्यापैकी पुष्कळजण ताटातील कोशिंबीर बारकाईने न्याहाळतात. त्या हसण्यात सामील होण्याचे सौजन्य आपण यापुढे दाखवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गाव आणि आळी विचारणाऱ्या त्या गृहस्थांचे सोंग मात्र रंगमंचावर उत्तम वठेल.

म्हणून एक सूचना करतो. येत्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमात भाषणांपैकी एक कमी करून (आमचे केले तरी चालेल) तेथे ‘ग्रीनकार्डाची रांग’ नावाची बतावणी मुलांनी सादर करावी. मराठीत इंग्रजी मिसळले तरी हरकत नाही. ज्यांच्या आईवडिलांनी वस्तीत जलसे पाहिले होते, त्यांनी त्या आठवणी मुलांना सांगाव्यात. चाली आठवत असतील तर ध्वनिमुद्रित करून द्याव्यात. ढोलकी उपलब्ध आहे, सोंगाडे दोन हवेत. इच्छुकांनी नावे जेवणापूर्वी द्यावीत. जेवणानंतर कोणी थांबत नाही, असा आजवरचा अनुभव आहे.

जयभीम.