इंजिनाची टकटक आणि झिजलेले टॅपेट



हिंजवडी-माणच्या रानात आता आयटी पार्कच्या इमारती आहेत. तरी मुळशीच्या या पट्ट्यात भात-भाजीपाला करणारे शेतकरी आहेतच. वीज गेली की विहिरीवरचं डिझेल इंजिन कामाला येतं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात स्थापन झाली. तेव्हापासून असली इंजिनं आपल्या चांगल्या ओळखीची आहेत.

इंजिनाच्या वरच्या अंगाने टकटक येऊ लागली की काही जण रॉकरचा स्क्रू आवळून आवाज बंद करतात. असं करू नका. फट फार कमी झाली, तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, जळतो, आणि ऐन पाण्याच्या पाळीला इंजिन बंद पडतं.

टॅपेट कॅमवर टेकून पुशरॉडला वर उचलतो. १५०० फेऱ्यांच्या चार स्ट्रोक इंजिनात तो तासाला ४५,००० वेळा उचलला जातो. तेल खराब किंवा कमी असलं, की त्याचं तोंड लवकर झिजतं.

काम असं करावं :

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. डिझेलचा कॉक बंद करा.

२. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पुस्तिकेत दिलेली फट फिलर गेजने लावा. थोड्याच दिवसांत फट पुन्हा वाढली, तर झीज आहे असं समजा.

३. पुशरॉड काढून सपाट काचेवर लोळवा. वाकडा असेल तर बदला. रॉकरचं टोकही पाहा.

४. टॅपेट काढताना कोणता कुठला, याची खूण करा. तोंडावर खड्डे, पापुद्रे किंवा खोलगट भाग दिसला तर तो बाद. काही इंजिनांत टॅपेटचं तोंड रुंद असतं. तो वरून निघत नाही, कॅमशाफ्ट काढावा लागतो. ते काम फिटरकडेच द्या.

५. कॅमही नीट पाहा. झिजलेल्या कॅमवर नवा टॅपेट घातला, तर तोही लवकर जातो, पैसे वाया.

६. नव्या टॅपेटला तेल लावून बसवा. तो भोकात बोटाने सहज फिरला पाहिजे. फट लावून फ्लायव्हील हाताने दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर करू नका.

७. तेल बदला. आधी थोडा वेळ पंपाचा पट्टा न चढवता इंजिन चालवा. काही तास चालल्यावर, इंजिन थंड झालं की, फट पुन्हा तपासा.

खालून जड ठोका येत असेल, तर तो टॅपेटचा नव्हे. इंजिन लगेच बंद करून फिटरला बोलवा.

हे काम पाण्याची पाळी नसताना उरका, म्हणजे पीक खोळंबणार नाही.