“आजच घ्या, उद्या भेटणार नाही”
(रोहणा येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका सचिवताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या सभेत कर्जमागणीचे अर्ज वाचून दाखवले, तेव्हा एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात आली. पूर्वी अर्ज यायचे शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, बी-बियाण्यासाठी. आता त्यात स्कूटीचे अर्ज येऊन राहिले आहेत. एका गटाला माल वाहायला तीनचाकी पाहिजे. हे काही वाईट नाही. पुलगाव-आर्वीची शकुंतला कधीच बंद पडली. एसटी वेळेवर आली तर आली. लेकीला कॉलेजात जायचं, आशाताईला रात्री बाळंतिणीकडे जायचं, सीआरपीताईला चार गावं करायची, तर गाडी ही आता हौस राहिली नाही.

पण गाडी घेताना आपण कशा फसतो, ते मी आज सांगणार आहे. दुसऱ्या कोणाचं नाही, माझंच सांगते. मी गटाची सचिव, दहा वर्षांपासून हिशेब लिहिते, तरी फसले.

मागच्या वर्षीची, म्हणजे २०२५ ची गोष्ट. गणपती २७ ऑगस्टला बसणार होते. मुलीला स्कूटी घ्यायची होती. गटातून ६०,००० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं, बाकीचे घरचे टाकले. दुकानात गेलो तर तिथला पोरगा म्हणे, “ताई, या रंगाची एकच उरली आहे. गणपतीत घेतली तर घेतली, मग दिवाळीपर्यंत भेटणार नाही. वरून भाव पण वाढून राहिले.” मुलगी माझ्या तोंडाकडे पाहे. मी म्हटलं, मुहूर्त चांगला आहे, घेऊन टाकू. कागदावर काय काय लिहिलं तेही धड वाचलं नाही. सही केली, पेढे वाटले, घरी आलो.

२२ सप्टेंबरला सरकारने जीएसटी कमी केला. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर २८ टक्के होता, तो १८ टक्के झाला. हिशेब मांडा. मूळ किंमत ६२,५०० रुपये धरली, तर २८ टक्क्यांनी ती ८०,००० होते आणि १८ टक्क्यांनी ७३,७५०. म्हणजे ६,२५० रुपयांचा फरक. परिवहन विभागाचा एकरकमी कर गाडीच्या किमतीवर लागतो, म्हणून तोही थोडा कमी झाला. चार आठवडे थांबले असते तर हे पैसे घरात राहिले असते.

तुम्ही म्हणाल, तुला काय माहीत होतं? बायांनो, तेच तर दुखतं. माहीत होतं! १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितलं होतं की दिवाळीपर्यंत जीएसटीत बदल होणार. आमच्या घरी टीव्ही चालूच होता. ते ऐकून लोकांनी गाड्या घेणं थांबवलं होतं. म्हणजे “एकच उरली” असं मला सांगितलं जात होतं, तेव्हा देशभरातल्या दुकानांत गाड्या गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या होत्या. घाई मला नव्हती, दुकानाला होती. ती त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवली आणि मी घेऊन घरी आले.

अजून एक सांगायचं राहिलं. मी घेतली म्हणून माझ्याच गटातल्या एका ताईने चार दिवसांनी तिथूनच गाडी घेतली. ती म्हणे, “सचिवताईने घेतली म्हणजे पाहूनच घेतली असेल.” तिचे पैसे मजुरीतून साचवलेले. माझे सहा हजार गेले ते मी सोसले. तिचे गेले त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून मी आज इथं उभी आहे.

आता कोणी म्हणेल, टंचाई म्हणजे सगळा दुकानदाराचा बनाव आहे. तसंही नाही. टंचाई खरीही असते.

आपल्यातल्या वयस्कर बायांना आठवत असेल, एके काळी लग्नात चेतक स्कूटर म्हणजे केवढी गोष्ट होती. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजचा कारखाना. चेतक १९७२ साली आली. तेव्हा परवान्याचं राज्य होतं. सरकारने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त गाड्या कारखान्याला काढता येत नसत. मागणी भरपूर, गाड्या थोड्या. लोक पैसे भरून नंबर लावत आणि वर्षानुवर्षं थांबत. काहींना दहा-दहा वर्षं लागली. ज्याचा नंबर लागे, तो कधी कधी तीच गाडी जास्त भावाने दुसऱ्याला विकून मोकळा होई. ती टंचाई खरी होती.

दुसरी टंचाई कोरोनाच्या वेळची. आजकालच्या गाडीत नखाएवढ्या चिपा असतात. त्या नसल्या तर गाडी पूर्ण होत नाही. लॉकडाऊनमध्ये गाड्यांचे कारखाने बंद पडले, तेव्हा चिपा मोबाईल आणि लॅपटॉपवाल्यांकडे गेल्या, कारण घरोघरी पोरांची शाळा मोबाईलवर आली होती. कारखाने पुन्हा सुरू झाले तर चिपाच नाहीत. मारुती कंपनीने जाहीर केलं की सप्टेंबर २०२१ मध्ये नेहमीच्या ४० टक्क्यांच्या आसपासच उत्पादन होईल. कारसाठी लोक महिने न् महिने थांबले.

तिसरी अगदी अलीकडची. विजेवरच्या गाडीच्या मोटरमध्ये एक खास प्रकारचं लोहचुंबक लागतं. ते बहुतेक चीनमधून येतं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि त्या पावसाळ्यात बजाजला विजेवरच्या चेतकचं उत्पादन कमी करावं लागलं. नाव तेच चेतक, पन्नास वर्षांनी पुन्हा टंचाई. पण कारण वेगळं.

भाव वाढण्याचीही खरी कारणं असतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला. धूर कमी व्हावा म्हणून गाडीत नवीन यंत्रणा बसवावी लागली, किंमत वाढली. त्याआधी १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीचा तृतीय पक्ष विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. म्हणून पहिल्या दिवशी भरायची रक्कम वाढली. ही वाढ दुकानदाराच्या हातातली नाही.

आणि कधी कधी उलटंही होतं. मार्च २०१७ च्या शेवटी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-३ ची गाडी विकता येणार नाही. मग काय, दोन दिवसांत विकून टाकायला दुकानांनी हजारो रुपयांची सूट दिली. लोकांच्या रांगा लागल्या. दुकानात माल पडून असला की भाव कसा खाली येतो, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

मग खरी टंचाई कोणती आणि खोटी कोणती, हे कसं ओळखायचं? मी आता काय करते, किंवा करायला पाहिजे होतं, ते सांगते.

पहिलं, एका दुकानात विचारून थांबायचं नाही. आर्वीला विचारा, पुलगावला विचारा, वर्ध्याला फोन लावा. तिन्हीकडे तीच गाडी नाही म्हणाले तर टंचाई खरी. एकीकडे नाही आणि दुसरीकडे चार उभ्या, तर समजून घ्या.

दुसरं, “नाही” म्हणजे काय नाही ते विचारा. पुष्कळदा गाडी असते, पण तोच रंग किंवा तेच मॉडेल नसतं. मग त्याच्याऐवजी महागडं मॉडेल पुढे करतात. रंगासाठी पाच हजार द्यायचे का, ते घरी बसून ठरवा, काउंटरवर नाही.

तिसरं, गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. कागदावर असतं. टंचाईच्या नावाखाली जुनी पडून राहिलेली गाडी नवीन भावात गळ्यात पडू शकते.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाव लेखी घ्या आणि फोडून घ्या. दुकानदार एकच आकडा सांगतो, “ऑन रोड इतके.” त्या आकड्याच्या पोटात काय काय आहे? गाडीची किंमत जीएसटीसह. नोंदणी आणि कर. विमा. हे तीन लागतातच. त्याच्या खाली मग गार्ड, सीट कव्हर, मॅट, पॉलिश, आणि “हँडलिंग” नावाचं काहीतरी. माझ्या कागदावर या खालच्या गोष्टींचे ४,७०० रुपये होते. मी ते कर समजून भरले! हँडलिंग हा सरकारी कर नाही. गार्ड, मॅट नको असेल तर नको म्हणता येतं. “हे घेतलं तरच गाडी लवकर भेटेल” असं कोणी म्हटलं, तर “तेवढं लिहून द्या” म्हणा. बहुतेक वेळा तिथंच विषय संपतो.

विमा लागतोच, पण तो दुकानातूनच घ्यावा अशी सक्ती नाही. दुसऱ्या कंपनीचा भाव काढून आणा. नवीन नंबर प्लेटचे वेगळे पैसे मागितले तर काहून म्हणून विचारा. एप्रिल २०१९ पासून नवीन गाडीला ती प्लेट कंपनीकडूनच येते.

पाचवं, बुकिंगचे पैसे दिले तर पक्की पावती. त्यावर गाडीचं मॉडेल, त्या दिवशीचा भाव, गाडी केव्हा देणार आणि नाही दिली तर पैसे परत केव्हा, हे चारही लिहून घ्या. मधे भाव वाढला किंवा कमी झाला तर कोणता भाव लागेल, हेही विचारा. कोणी दाद देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. वर्ध्याला जिल्हा ग्राहक आयोगही आहे. पण कागद नसेल तर तिथं जाऊन तरी काय दाखवाल?

आता कर्जाचं. इथं तर भावापेक्षा जास्त पैसे जातात आणि दिसतही नाहीत. दुकानातच फायनान्सवाला बसलेला असतो. तो म्हणतो, “ताई, १२ टक्केच आहे, तुमच्या गटाएवढंच.” गटात आपण शेकडा १ रुपया महिना घेतो असं धरा, म्हणजे तेही वर्षाला १२. मग फरक काय?

फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. गटात जेवढी मुद्दल उरली तेवढ्यावरच व्याज. त्याच्या ‘फ्लॅट’ पद्धतीत शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ६०,००० वर व्याज. तीन वर्षांचा हिशेब लिहून घ्या. फ्लॅट १२ टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे २,२६७ रुपये आणि एकूण व्याज २१,६०० रुपये. उरलेल्या मुद्दलावर १२ टक्क्यांनी हप्ता सुमारे १,९९३ आणि व्याज ११,७४३ च्या आसपास. जवळजवळ ९,८५० रुपयांचा फरक. जीएसटी कमी होऊन वाचले त्याच्यापेक्षा जास्त! म्हणून फायनान्सवाल्याला टक्के विचारूच नका. “हप्ता किती, किती महिने, एकूण किती भरायचे, आणि फाइलचे वेगळे किती?” हे चार प्रश्न विचारा.

ज्या गटाला मालवाहू तीनचाकी घ्यायची आहे, त्यांनाही हेच. तीनचाकीवरचाही जीएसटी २८ चा १८ झाला आहे. ट्रॅक्टरचा १२ चा ५ झाला. जुन्या भावाचा कागद कोणी दाखवला तर तारीख पाहा. विजेवरच्या गाडीला आधीपासूनच ५ टक्के आहे, तिथं काही बदललं नाही.

कोणी म्हणेल, एवढं सगळं विचारलं तर दुकानदार चिडेल. चिडू द्या. आपण गटाच्या बैठकीत दहा रुपयांच्या दंडावरून अर्धा तास बोलतो, आणि लाख रुपयांच्या व्यवहारात लाजेने गप्प बसतो. खुर्चीवर बसवून चहा दिला की आपल्याला नाही म्हणवत नाही. मी तर पेढे वाटायचे म्हणून घाई केली होती.

आता पाडवा जवळ आला. मग अक्षय तृतीया, पुढे दसरा, दिवाळीचा पाडवा. आपले साडेतीन मुहूर्त दुकानांनाही पाठ आहेत. त्या दिवसांत गर्दीमुळे खरीच गाड्यांची कमी पडते आणि त्या गर्दीत भाव करायला कोणाला वेळ नसतो. मुहूर्त पाळायचा असेल तर जरूर पाळा. पण भाव, कागद, कर्ज हे महिनाभर आधी ठरवा आणि पूजा तेवढी त्या दिवशी करा.

शेवटी माझी प्रभागसंघाकडे एक मागणी आहे. गाडीसाठी कर्ज मागणाऱ्या अर्जासोबत किमान दोन दुकानांचे फोडून दिलेले लेखी भाव जोडावे, असा ठराव करावा. अर्ज गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचावा. एकटीला जे दिसत नाही ते दहा जणींना दिसतं. माझा कागद त्या दिवशी बैठकीत वाचला असता, तर कोणीतरी नक्की विचारलं असतं, “सचिवताई, हे हँडलिंग म्हणजे काय हो?” आणि दुसरी म्हणाली असती, “दिवाळीत स्वस्त होणार म्हणून टीव्हीवर सांगून राहिले न?”

माझी मुलगी गाडी छान चालवते. रोज कॉलेजला जाते, येताना औषध घेऊन येते. गाडी घेतल्याचं मला दुःख नाही. ज्या ताईने माझं पाहून घेतली, तिच्यासोबत मी परवा तिच्या पुतणीच्या गाडीसाठी गेले होते. तिने भाव लेखी मागितला. गार्ड, मॅट आणि हँडलिंग काढायला लावलं. मी फक्त बाजूला बसले होते.

एवढं बोलून थांबते. जय हिंद, जय महाराष्ट्र.

(भाषणानंतर चर्चा झाली. दोन लेखी भावपत्रकांचा ठराव एकमताने मंजूर झाला असून तो सर्व ग्रामसंघांना इतिवृत्तासोबत पाठवण्यात येत आहे.)