साखरेची वही



मागे एका गावच्या चावडीत आम्ही मधुमेहाविषयी बोलत होतो. एक आजोबा उठून म्हणाले, "माझं तर काहीच दुखत नाही. मग डॉक्टर शुगर आहे म्हणतात ते कशावरून?"

प्रश्न खरा होता. दाढ दुखली की आपण दवाखाना गाठतो. रक्तातली साखर वाढली तर दुखत नाही. कुणाला तहान फार लागते, रात्री लघवीला उठावे लागते. कुणाला तेही होत नाही. पण वाढलेली साखर आतल्या आत डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा खराब करते.

पुढच्याच पावसाळ्यात आजोबांच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. पायाला बधिरपणा आलेला. आठ दिवस त्यांना कळलेच नाही! जखम चिघळली आणि पायाचे एक बोट काढावे लागले.

शरीर सांगत नाही, ते आकडा सांगतो. म्हणून तीस वर्षांवरील प्रत्येकाने साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते. सकाळी उपाशीपोटी आकडा १०० च्या आत असला तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे धोक्याची सूचना. १२६ किंवा त्याहून जास्त आला, तर डॉक्टर पुन्हा तपासून मधुमेह आहे का ते ठरवतात.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी साधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवायला बसल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत साखर ठेवावी. म्हाताऱ्या माणसांसाठी डॉक्टर वेगळा आकडाही सांगतील.

मग खायचे काय? घरचेच अन्न. फक्त ताटातले वाटे बदलायचे. अर्ध्या ताटात मेथी, दोडका, वांगे, काकडी, मुळा. पाव ताटात वरण, मटकीची उसळ, अंडे किंवा मासा. उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात. कुणी म्हणतात, "भात सोडला, आता ज्वारीच्या चार भाकरी खातो." भाकरीचीही पोटात साखरच होते. ती मोजूनच खावी. "गुळाचा चहा चालतो ना?" नाही चालत. गूळ म्हणजेही साखरच.

एकादशीला जपावे. साबुदाण्याची खिचडी आणि बटाटे साखर झपाट्याने वाढवतात. उलट, गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिले तर साखर एकदम उतरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. पाव तासाने बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, तडक दवाखान्यात न्यावे. म्हणून उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता वहीचे. आपण अक्षरे शिकलात, आकडे शिकलात. ते कामाला लावू या. एक वही करा. डॉक्टर सांगतील त्या दिवशी साखर तपासा. तपासण्याआधी हात धुऊन कोरडे करा, बोटाला गोड लागलेले असले तर आकडा चुकतो. मग वहीत लिहा : तारीख, उपाशीपोटी की जेवल्यावर, आकडा, आणि आदल्या वेळी काय खाल्ले. कोणत्या जेवणाने साखर चढते ते महिन्याभरात आपले आपल्यालाच दिसेल. दवाखान्यात जाताना वही बरोबर न्या.

आकडा उतरला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तो गोळीमुळेही उतरलेला असतो.

त्या आजोबांनी आता वही घातली आहे. रोज रात्री नात त्यांचे तळपाय पाहते : काटा, चीर, फोड काही आहे का? वहीतले आकडे वाकडेतिकडे आहेत. पहिल्या पानावर १९८ आहे. परवाच्या पानावर १२८. दोन्ही आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहेत.

आपणही आजच वहीचे पहिले पान उघडावे, एवढेच आमचे मागणे आहे.