धीर आणि सोबत
(जुबिली-महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



ह्या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, तेव्हां माझी स्वतःची एक चूक आपणांपुढें मांडावी असें मीं ठरविलें.

कित्येक वर्षांपूर्वीं शेजारची एक तरुण आई आपल्या दोन वर्षांच्या मुलास घेऊन माझ्याकडे आली. मूल हाकेला वळत नसे. एकही शब्द बोलत नसे. मी शिक्षिका, माझ्या शब्दाला तिच्या लेखीं वजन होतें. "कांहीं मुलें उशिरां बोलतात, काळजी करूं नको," असें मीं सांगितलें आणि ती निश्चिंत मनानें परतली. वर्षभरानें कळलें कीं, मुलास ऐकूंच येत नव्हतें. तें वर्ष मला कधींही परत करतां येणार नाहीं.

मूल ऐकून बोलावयास शिकतें. म्हणून श्रवणाची चाचणी पहिल्या महिन्यांत, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारास आरंभ सहाव्या महिन्यापर्यंत व्हावा, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. दृष्टि, चालणें व समज ह्यांतील उणिवांसही हाच न्याय लागू पडतो. कारण कोवळ्या वयांत मेंदू जसें वळण घेतो, तसें तो पुढें सहसा घेत नाहीं.

ह्या कामाची परंपरा आपल्याच किनाऱ्यावरची आहे. १९४५ सालीं बोर्डी येथें ताराबाई मोडक ह्यांनीं ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें आणि शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास सेवा योजना निघाली व पुढें अंगणवाडी देशभर पसरली. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमान्वयें वैद्यकीय पथकांनीं अंगणवाडींतील मुलें वर्षांतून दोनदां तपासावीं आणि दोष आढळल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावीं, अशी व्यवस्था आहे. तेथील उपचार विनामूल्य असतात.

परंतु हातांत चिठ्ठी पडली म्हणजे मूल केंद्रांत पोहोंचलें असें होत नाहीं. खेपा वारंवार घालाव्या लागतात. तेथें शिकविलेला व्यायाम आईनें घरीं रोज करवून घ्यावयाचा असतो. बापाचा रोज बुडतो, धाकट्या लेंकराकडे पाहावयास कोणी नसतें, आणि वर "हें तुझ्याकडूनच आलें" असा टोमणा त्या माउलीस ऐकावा लागतो. आपलें कर्तव्य येथें आहे. कोणी गाडीभाडें द्यावें, कोणी धाकट्यास सांभाळावें, कोणी तिच्या सोबतीस जावें. एवढेंही न साधल्यास, निदान तो टोमणा तरी कोणी मारूं नये.

त्या मुलास पुढें श्रवणयंत्र मिळालें आणि आईच्या कष्टांनीं तो बोलूं लागला. त्यानें मला प्रथम "बाई" म्हणून हाक मारली, तेव्हां माझे डोळे भरून आले व मान खालीं गेली. त्या माउलीनें मला कधीं दोष दिला नाहीं.

भगिनींनो, अशी आई आपल्या दारीं आली तर तिला धीर अवश्य द्या. मग पायांत वहाणा घाला आणि तिच्याबरोबर निघा.